पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सामन्यात दगा का देते? एका रोबोटिक्स संघाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

मिशिगनमधील एका शालेय संघाला पालक या नात्याने मदत करणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा संघ फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शालेय विद्यार्थ्यांच्या रोबो-स्पर्धेत, म्हणजे एफआरसीमध्ये, उतरतो. संघाकडे आठ बॅटऱ्या आहेत. काही गेल्या वर्षीच्या, काही त्याहून जुन्या, आणि कोणती कधीची हे आता कोणालाच नक्की सांगता येत नाही. रात्रभर चार्जरवर ठेवल्यावर प्रत्येकीचा हिरवा दिवा लागतो आणि मल्टिमीटर १२.७ किंवा १२.८ व्होल्ट दाखवतो. तरीही सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात रोबो अडखळतो आणि कधी कधी पूर्ण बंद पडतो. चार्जर बदलावा की आठही बॅटऱ्या नव्या घ्याव्यात, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की या दोन्हींपैकी काहीही खरेदी करण्यापूर्वी मोजमाप करावे, आणि ते मल्टिमीटरने आतापर्यंत केले त्याहून वेगळे असावे. बॅटरीबद्दल तीन स्वतंत्र प्रश्न असतात. तिच्यात आत्ता किती चार्ज आहे, ती एका क्षणी किती करंट देऊ शकते आणि तो किती वेळ देऊ शकते. काही न जोडता मोजलेले व्होल्टेज यांपैकी फक्त पहिल्याचे उत्तर देते. तुमचा त्रास मात्र दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे, असे वर्णनावरून दिसते. छतावरची टाकी भरलेली असली तरी नळाच्या पाइपात क्षार साचून तो चोंदला असेल तर बादली भरत नाही. टाकीतली पातळी पुन्हा पुन्हा पाहून त्याचे कारण सापडत नाही.

आधी थोडा हिशेब पाहू. एफआरसीमध्ये रोबोवर एकच सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी चालते; १२ व्होल्टची, २० तासांच्या दराने १७ ते १८.२ अँपिअर-तास क्षमतेची. सामना साधारण अडीच मिनिटांचा असतो. समजा रोबोने सरासरी ५० अँपिअर घेतले, तर एका सामन्यात साधारण २ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे १८ अँपिअर-तासांची बॅटरी एका सामन्यात रिकामी होण्याचा प्रश्नच येत नाही. मग शेवटी शेवटी रोबो का थांबतो? कारण व्होल्टेज कोसळते. बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध आणि तारा, जोड, मुख्य ब्रेकर यांचा रोध मिळून जो आकडा होतो, त्याला करंटने गुणले की तेवढे व्होल्ट वाटेतच हरवतात.

चांगल्या, नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध १२ ते १५ मिलिओहमच्या आसपास असतो. वाटेचा रोध नीट काम केले असेल तर ५-६ मिलिओहम धरू. मधले आकडे घेतले तर एकूण झाले १९. सामन्याच्या उत्तरार्धात बॅटरीचे मूळ व्होल्टेज १२.२ वर आलेले असताना रोबोने १६० अँपिअर ओढले, तर ३ व्होल्ट हरवतात आणि रोबोला ९.२ मिळतात. काम चालते. आता थकलेली बॅटरी घ्या, २५ मिलिओहमची, आणि ढिले जोड, वाटेत १० मिलिओहम. तेवढ्याच करंटला ५.६ व्होल्ट हरवतात आणि उरतात ६.६. रोबोरिओ या नियंत्रकाच्या पहिल्या आवृत्तीत ६.३ व्होल्टला मोटरांचे आउटपुट बंद होते, दुसऱ्या आवृत्तीत मूळ सेटिंग ६.७५ व्होल्टचे आहे, आणि व्होल्टेज ७.५ च्या वर येईपर्यंत ते पुन्हा सुरू होत नाही. तुमचा रोबो अडखळतो तो येथे. अनेक वर्षांच्या खेळांत शेवटच्या वीस-तीस सेकंदांत रोबोला कशाला तरी लटकायचे किंवा वर चढायचे असते, म्हणजे सर्वांत जड काम नेमके बॅटरी सर्वांत दमलेली असताना येते. विद्यार्थ्यांना हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा, असे मी प्रत्येक संघाला सुचवतो. ओहमचा नियम इतक्या पोटतिडकीने शिकण्याची संधी वर्गात मिळत नाही.

तुमच्या वर्णनातील ‘अडखळतो’ आणि ‘पूर्ण बंद पडतो’ या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवाव्यात. अडखळणे म्हणजे वर सांगितलेली स्थिती. नियंत्रक जागा असतो, फक्त मोटरा क्षणभर सुटतात. नियंत्रकच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर व्होल्टेज साडेचारच्या खाली गेले असले पाहिजे. वरच्या वाईट उदाहरणातील ३५ मिलिओहम धरले तरी त्यासाठी २२० अँपिअरच्या वर जावे लागते. हे अशक्य नाही, पण बहुतेक वेळा अशा प्रसंगी कुठेतरी जोड क्षणभर सुटलेला असतो. ड्रायव्हर स्टेशनच्या, म्हणजे चालकांच्या लॅपटॉपवरील प्रोग्रॅमच्या, लॉगमध्ये व्होल्टेजचा आलेख साठवलेला असतो, तो उघडून पाहा. आलेख हळूहळू खाली झुकत सात-साडेसहापर्यंत दातेरी होत गेला असेल तर बॅटरी किंवा वाटेचा रोध. साडेअकरा व्होल्टवरून एकाएकी तुटला असेल तर जोड. रोबोला चालकांशी बिनतारी जोडणाऱ्या रेडिओची वीज एकदा गेली की तो पुन्हा जोडला जायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो, त्यामुळे शेवटी घडलेला हा प्रकार प्रेक्षकांना रोबो मेल्यासारखा दिसतो.

जोडांची तपासणी बॅटरीच्या आधी करा, कारण ती फुकट होते. बॅटरीच्या टर्मिनलवरचे बोल्ट हाताने हलवून पाहा. लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, जराही फिरत असेल तर तो दोष आहे, मग वरून कितीही सुबक टेप गुंडाळलेली असो. आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट वापरावा, म्हणजे धक्क्यांनी तो सैल होत नाही. तारेवर दाबलेला लग साध्या पकडीने दाबला असेल तर तो कापून योग्य क्रिम्पिंग टूलने पुन्हा बसवा. ६ गेजच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण १.३ मिलिओहम असतो, त्यामुळे हौसेने ठेवलेली जादा लांबीही मोजावी लागते. बॅटरी रोबोला जोडणाऱ्या अँडरसन कनेक्टरच्या आतील पत्रे काळवंडले किंवा खड्डे पडलेले असतील तर ते बदलावेत. सामना संपल्याबरोबर कनेक्टर, ब्रेकर आणि लग यांना जपून हात लावून पाहिले, तर जो भाग बाकीच्यांपेक्षा गरम लागतो तोच व्होल्ट खाणारा असतो.

आता चार्जिंगकडे येऊ. या बॅटऱ्या एजीएम प्रकारच्या असतात, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या पातळ चटईत शोषलेले असते. चार्जरवर एजीएम, जेल आणि साधी असे पर्याय असतील तर एजीएमच निवडा. चांगला चार्जर आधी ठरावीक करंट देतो, व्होल्टेज १४.४ ते १४.८ पर्यंत पोहोचले की ते तेथेच धरून करंट हळूहळू कमी होऊ देतो, आणि शेवटी १३.५ ते १३.८ वर उतरून नुसती राखण करतो. एफआरसीच्या नियमांनुसार चार्जिंगचा करंट ६ अँपिअरच्या वर जाता कामा नये. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने येते, त्यामुळे जानेवारीत ती हाती पडली की हा भाग वाचून घ्यावा. गाडी सुरू करण्यासाठीचे ४०-५० अँपिअरचे बूस्ट बटण असलेले चार्जर या कामापासून दूर ठेवा. ‘रिकंडिशन’ किंवा ‘रिपेअर’ नावाचे, साडेपंधरा व्होल्टच्या वर जाणारे पर्यायही नकोत. सीलबंद बॅटरीतून जादा व्होल्टेजमुळे वायू व्हॉल्व्हमधून निसटला की तेवढे पाणी कायमचे गेले. तिच्यात वरून पाणी घालण्याची सोय नसते.

हिरव्या दिव्याचा अर्थ काय, हा तुमच्या प्रश्नातला कळीचा मुद्दा आहे. त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या व्होल्टेजला करंट ठरलेल्या मर्यादेखाली गेला. चांगली बॅटरी भरली की करंट कमी होतो. पण खराब बॅटरीतही तो कमी होतो, कारण तिच्या वाढलेल्या रोधामुळे टर्मिनलवरचे व्होल्टेज लगेच वर चढते आणि चार्जरला ती भरल्यासारखी वाटते. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. चार्जिंगमध्ये ते पुन्हा विरघळते. बॅटरी डिस्चार्ज अवस्थेत पडून राहिली तर त्याचे बारीक स्फटिक मोठे आणि घट्ट होतात, मग ते सहज परतत नाहीत, आणि तेवढा पृष्ठभाग कामातून जातो. म्हणून माझा अनुभव असा की हिरवा दिवा लागला की नाही यापेक्षा तो किती वेळाने लागला हे अधिक बोलके असते. सामन्यातून आलेली, ३-४ अँपिअर-तास खर्च झालेली बॅटरी ६ अँपिअरच्या चार्जरवर दीड-दोन तास घेते. तीच जर वीस मिनिटांत हिरवी झाली, तर तिला शाबासकी न देता बाजूला काढा. उलट बाजूने, जी बॅटरी तासन्‌तास करंट घेतच राहते आणि कोमट होत जाते, तिच्यातील एखादा सेल शॉर्ट झालेला असण्याची शक्यता असते. तीही बाद.

सामन्यातून तापून आलेली बॅटरी थोडी निवल्यावरच चार्जरला लावावी. तापमानाचा परिणाम आपल्याकडे फार हलकेपणाने घेतला जातो. चार्जिंगचे आकडे २५ अंश सेल्सिअससाठी दिलेले असतात; त्यापेक्षा प्रत्येक अंश जास्त तापमानाला १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी साधारण ३० मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. मुंबईसारख्या ठिकाणच्या काही शाळांचे संघही या स्पर्धेत उतरतात. तेथे एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश असतील तर १४.७ ऐवजी सव्वाचौदा व्होल्ट योग्य ठरतात. तुमची अडचण नेमकी उलट आहे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी मिशिगनच्या कोणत्याही थंडीत गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतील आम्ल पाण्याइतके पातळ झालेले असते आणि उणे १० अंशांच्या आसपास गोठू शकते. जानेवारीत गॅरेजमध्ये विसरलेली बॅटरी अशी फुगून मिळते. शिवाय गार बॅटरीचा रोध जास्त असतो, म्हणून स्पर्धेच्या सकाळी गाडीच्या डिकीतून काढून थेट रोबोवर चढवू नये.

आता तपासणी. चार्जरवरून काढल्याबरोबर मोजलेले व्होल्टेज फसवे असते. १३ च्या वरचा तो आकडा काही काळाने खाली उतरतो. किमान तासभर, शक्य असेल तर रात्रभर बॅटरी काही न जोडता ठेवावी आणि मग मोजावे. १२.८ किंवा अधिक असेल तर ती भरलेली आहे. १२.५ च्या खाली असेल तर एकदा पुन्हा चार्ज करून पाहावी, आणि दुसऱ्यांदाही तेच आले तर तिचे स्पर्धेतले दिवस संपले.

यानंतर अंतर्गत रोध. बॅटरी बीक नावाचे हातात मावणारे उपकरण एफआरसी संघांमध्ये सर्रास दिसते. ते बॅटरीवर लहान लोड टाकून व्होल्टेजमधील फरकावरून रोध काढते. ते घ्यायचे नसेल तर गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे चार बल्ब समांतर जोडून काम भागते. एक बल्ब लावला की सुमारे ४.६ अँपिअर, चारही लावले की साधारण १८. दोन्ही वेळा बल्ब उजळून स्थिर झाल्यावर व्होल्टेज वाचा. समजा १२.६६ वरून १२.४४ झाले, तर ०.२२ ला करंटमधील फरकाने, म्हणजे १३.८ ने भागा. उत्तर १६ मिलिओहम येते. मीटरची पिन बॅटरीच्या टर्मिनलवरच टेकवावी, बल्बच्या चिमट्यावर नव्हे, अन्यथा चिमट्याचा रोधही हिशेबात येतो. आणि हाच गुण वापरून घ्यायचा असेल तर दुसऱ्यांदा अँडरसन कनेक्टरच्या बाहेरच्या टोकाला मोजा. दोन उत्तरांतील फरक म्हणजे तुमच्या तारेचा, लगाचा आणि कनेक्टरचा रोध. एवढ्या लहान फरकासाठी व्होल्टमध्ये दशांश चिन्हानंतर तीन अंक दाखवणारा मीटर हवा. करंट खात्रीने मोजायचा तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यावा. घरगुती वायरिंगचा साधा एसी क्लॅम्प येथे शून्य दाखवतो.

किती रोधाला बॅटरी बाद करावी, हे संघावर अवलंबून आहे. आठ मोटरांचा स्वर्व्ह ड्राइव्ह, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवणारी यंत्रणा, असलेला, धक्काबुक्की करणारा रोबो १८ मिलिओहमलाही कुरकुरतो. हलका, संथ रोबो २२ वरही निभावतो. मी साधारण अशी विभागणी करतो: १६ पर्यंतच्या बॅटऱ्या सामन्यांसाठी, १६ ते २० च्या सरावासाठी आणि अडीअडचणीला, २० च्या पुढच्या पिटमधील, म्हणजे स्पर्धेच्या ठिकाणी संघाला मिळालेल्या कामाच्या जागेतील, दिवे किंवा पंपासारख्या किरकोळ कामांना. मात्र वेगवेगळ्या उपकरणांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे एकाच उपकरणाने, एकाच तापमानाला, पूर्ण चार्जनंतर घेतलेल्या मोजमापांचीच तुलना करावी. जी बॅटरी वर्षभरात १३ वरून १७ वर गेली, ती वर्षभर १७ वरच राहिलेल्या बॅटरीपेक्षा मला अधिक संशयास्पद वाटते.

गाडीच्या बॅटरीसाठी मिळणारा १०० अँपिअरचा लोड टेस्टरही उपयोगी आहे. दहा सेकंद लोड द्यायचा, अधिक नाही. भरलेल्या चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज ११ च्या आसपास टिकते. साडेदहाच्या खाली जाऊन घसरतच राहिले तर ती सामन्यात नको. दोन चाचण्यांमध्ये टेस्टरला आणि बॅटरीला विश्रांती द्या. या टेस्टरची जाळी लाल होईपर्यंत तापते, म्हणून विद्यार्थ्यांनी तो हातात धरताना मोठे माणूस शेजारी असावे.

तिसरा प्रश्न क्षमतेचा. संगणकाला जोडून ठरावीक करंटने बॅटरी रिकामी करणारी आणि आलेख काढणारी उपकरणे मिळतात. येथे एक गैरसमज नेहमी होतो. बॅटरीवरचे १८ अँपिअर-तास हे २० तासांच्या दराचे, म्हणजे ०.९ अँपिअरला मिळणारे आहेत. तीच बॅटरी एका तासात रिकामी केली तर जेमतेम १०-११ अँपिअर-तास देते, कारण आम्ल प्लेटांच्या आतील भागापर्यंत तितक्या वेगाने पोहोचू शकत नाही. त्यामुळे ७.५ अँपिअरच्या चाचणीत १२ आले म्हणून दुकानदाराशी भांडू नये. बॅटरी नवी असताना काढलेला आलेख जपून ठेवावा आणि पुढच्या वर्षीचा त्यावर ठेवून पाहावा. ही चाचणी हंगामातून एकदाच, डिसेंबरच्या आसपास करा. वारंवार खोलवर रिकामी केल्याने बॅटरीचे आयुष्यच खर्च होते. चाचणी संपली की त्याच दिवशी चार्जरला लावायची.

तुमच्या आठ बॅटऱ्यांचे काय करायचे ते आता सांगता येते. प्रत्येकीला क्रमांक द्या आणि तो न पुसणाऱ्या शाईने दोन बाजूंना लिहा. तळाशी किंवा बाजूला कारखान्याचा तारीख-संकेत असतो, त्यावरून वय सापडते का पाहा. सर्व भरून, रात्रभर ठेवून, एकाच बैठकीत व्होल्टेज आणि रोध मोजा आणि वहीत उतरवा. माझा अंदाज असा की त्यांतील दोन-तीन स्पष्टपणे वाईट निघतील आणि बाकीच्या ठीक असतील. सर्व आठ सारख्याच खराब दिसल्या तर चाचणीवर किंवा चार्जरच्या सेटिंगवर संशय घ्या. आठही एकदम नव्या घेण्यापेक्षा दरवर्षी दोन-तीन नव्या घेणे पैशांच्या दृष्टीने बरे, आणि संघात नेहमी वेगवेगळ्या वयाच्या बॅटऱ्या राहतात. स्पर्धेच्या दिवशी तीन जागांचे दोन चार्जर आणि सहा चांगल्या बॅटऱ्या पुरतात. पिटमध्ये एकच विद्यार्थी बॅटरीप्रमुख असावा. कोणती कितव्या सामन्याला गेली, किती वाजता चार्जरला लागली, हे त्यानेच लिहावे. अंतिम फेऱ्यांमध्ये दोन सामन्यांतील अंतर काही मिनिटांचे असते, म्हणून वहीतल्या सर्वांत चांगल्या तीन बॅटऱ्या दुपारच्या जेवणानंतर राखून ठेवाव्यात. सरावात मात्र सतत टाकाऊ बॅटऱ्या वापरू नका. चालकाचा हात मंद रोबोला सरावतो आणि सामन्यात तोच रोबो त्याला अनोळखी वाटतो.

सुरक्षिततेबद्दल थोडेच, पण ते आवर्जून. १२ मिलिओहमच्या बॅटरीची दोन टोके पान्याने जोडली गेली तर हिशेबाने हजार अँपिअर वाहू शकतात. बोल्ट आवळताना अंगठी, कडे, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे आणि टर्मिनल कायम झाकलेले असावेत. बॅटरी तारांना धरून उचलू नये. सहा किलोच्या वजनाने लग आतूनच सैल होतो. खाली पडलेली बॅटरी बाहेरून धड दिसली तरी तिच्यावर पडल्याची तारीख लिहून ती सामन्यातून काढा. गळती दिसली तर हातमोजे घालून वर खाण्याचा सोडा टाका. तो डबा पिटमध्ये हाताशी असलाच पाहिजे. चार्जिंगची जागा हवेशीर असावी, कारण जादा चार्ज झाल्यास हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते.

हंगाम संपला की बॅटऱ्या पूर्ण भरून, रोबोपासून सोडवून, घरातील थंड व कोरड्या खोलीत ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच बैठकीत १२.४ च्या खाली गेलेल्या बॅटऱ्या वेगळ्या काढून त्यांचा रोध मोजा. ज्या बाद ठरतील त्या कचऱ्यात न टाकता गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात द्या. शिशासाठी ते त्या घेतात आणि पुष्कळदा नव्या बॅटरीच्या किमतीत थोडी सवलतही देतात.